सागवानी दर्शनी भाग : रंग उतरला, आता तेल की मेण?

अंबाजोगाईच्या मामांच्या वाड्याचा दर्शनी भाग आता सागवानी दिसू लागलाय. दिंडी दरवाजा, त्याची गणेशपट्टी आणि उजवीकडचे खांब ऑइल पेंटच्या थरांतून बाहेर आले. डावी बाजू अजून हिरवीच आहे.

खालच्या काळ्या पाषाणाच्या जोत्याला पाणी आणि काथ्याचा ब्रश एवढंच पुरलं. फरशी धुवायचं ॲसिड तिथं अजिबात नको, कारण सांधे चुन्याचे आहेत आणि ॲसिड चुना खातं. प्रेशर वॉशरही नको. वरची भिंत मातीत रचलेली आहे. जोराचं पाणी सांध्यात शिरलं की माती वाहून जाते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून सुटते. मामांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांना मातीत बांधलेला दगड कसा कोसळतो हे ठाऊक आहे.

रंगाबाबत मात्र सगळ्यांनी जपा. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीच्या जुन्या थरांत शिसं असणारच असं धरून चाला. म्हणून कोरडं घासणं मी पूर्ण टाळलं. पेंट रिमूव्हर लावायचा, फुगलेला थर पत्र्यानं अलगद उचलायचा, उरलेलं ओल्या पॉलिश पेपरनं काढायचं. खाली प्लॅस्टिक अंथरलेलं, तोंडाला मास्क, आणि काम चालू असताना पोरांना ढाळजेत, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीत, येऊ द्यायचं नाही. हे वेळखाऊ आहे, पण नक्षीच्या कडा शाबूत राहतात. ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केलेले खांब पाहिले की मला फार वाईट वाटतं. सुताराच्या पटाशीची खूण एकदा गेली की गेलीच.

धुवायला रिठ्याचं पाणी वापरलं. शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा, कारण आमच्या बोअरचं पाणी वाळलं की लाकडावर पांढरे डाग उमटतात. खिळ्यांभोवतीचे काळे ओघळ धुऊन जात नाहीत, कारण तो मळ नव्हेच. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड यांची ती प्रक्रिया. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणानं ते उतरले. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर लाकूड भरपूर धुवा. स्टील वूल टाळा. त्याचे बारीक तुकडे रेषांत अडकतात आणि नवे काळे ठिपके पडतात.

आता मुख्य मुद्दा. बाहेरच्या लाकडाला मेण लावावं का? माझं मत पक्कं झालंय : मराठवाड्यात सावलीतल्या लाकडाला मेण, उन्हातल्याला तेल. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते, आणि पश्चिमेचं ऊन झेलणारं गडद लाकूड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. अशा पृष्ठभागावर मेण चिकट होतं आणि रस्त्याची धूळ धरून ठेवतं. कार्नोबा मेण ८० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून ते थोडं मिसळून बघितलं. टणकपणा येतो, पण उघड्या खांबावर पावसाचा मारा तेही फार दिवस सोसत नाही.

तेलात मामींचा आग्रह करडईचा होता. “आमच्या सासूबाई दरसाल दसऱ्याला दाराला करडईचंच तेल लावायच्या,” त्या म्हणाल्या. त्यात तथ्य आहे. शेंगदाण्याचं तेल कधी वाळत नाही, करडईचं हळूहळू वाळतं आणि जवसाइतकं पिवळंही पडत नाही. एका सुट्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी लावली. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, दुसऱ्या दिवशी बोटाला लागेना. करडई तेव्हाही ओलीच होती. बाहेर इतका वेळ धूळ थांबणार नाही, म्हणून दर्शनी बाजूला बेलतेल आणि आतल्या देवघराच्या चौकटीला मामींची करडई, असं ठरलं.

पहिला हात बेलतेलात निम्मं टर्पेंटाइन घालून दिला, म्हणजे ते खोल शिरतं. सागवान स्वतःच तेलकट असतं, त्यामुळे त्याआधी टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून घेतलं. पुढचे हात नुसत्या तेलाचे, अगदी पातळ. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढायचंच, नाहीतर साय धरते. आणि ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका : जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती पाण्यात बुडवतो, मग उघड्यावर सुटी पसरून वाळवतो.

मेण फक्त ढाळजेतल्या तुळयांना आणि दाराच्या आतल्या अंगाला लावलंय. तिथं त्याची झळाळी सुंदर आलीय.

पुढचं काम डावीकडच्या नक्षीदार हस्तांचं, म्हणजे खांबांवरच्या लाकडी ब्रॅकेटांचं. तिथल्या पोपटांच्या चोचीत रंग घट्ट बसलाय. बांबूच्या कामट्या तासून ठेवल्यात. तुमच्यापैकी कुणी इतक्या बारीक खाचा धातू न लावता साफ केल्या असतील, तर कशानं केल्या ते जरूर सांगा.