को म्हणजे कोईमतूर

आमच्या घरात "शहाऐंशी बत्तीस" हा आकडा मी एवढ्या वेळा ऐकलाय की शाळेचा हजेरी नंबर विसरलो पण तो नाही विसरलो. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, म्हणजे ऊस सोडून दुसरं काय असणार. को ८६०३२, आमच्याकडच्या उसाच्या वाणाचं नाव. त्यातलं "को" म्हणजे कंपनीबिंपनी असेल असं मला दहावीपर्यंत वाटायचं. नंतर कळलं की को म्हणजे कोईमतूर, आणि काही वाणांच्या नावातलं कोएम म्हणजे कोईमतूर-महाराष्ट्र. तेव्हापासून हे गाव एकदा बघायचंच असं डोक्यात होतं.

गेल्या नोव्हेंबरात दाजींना (इचलकरंजीत त्यांचे लूम आहेत) मशिनरीच्या कामाला तिकडं जायचं होतं, म्हणलं मीपण येतो. कोल्हापूर ते बेंगळुरू रात्रभर बस, झोप शून्य, मग पुढं दिवसभर ट्रेन. इरोड स्टेशनला दाजी म्हणाले इथं हळदीचा मोठा बाजार असतोय आपल्या सांगलीसारखा, आणि लगेच परत झोपले. प्रवासाचं एवढंच.

दुसऱ्या दिवशी दाजी त्यांच्या कामाला, मी वीरकेरळमला ऊस पैदास संस्थेत. १९१२ मध्ये सुरू झालेली ही संस्था. आधी विचारून ठेवलं होतं, त्यामुळं एक तंत्रज्ञ दाखवायला आले, त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी सारखंच, मस्त जमलं.

आत गेलो आणि पहिला धक्का, सगळीकडं तुरा! आपल्याकडं उसाला तुरा आला की माणूस तोंड पाडून बसतो, वाढ थांबते, पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, दशी पडते (ऊस आतून पोकळ होतो), वजन जातं, कारखान्याची तोड कधी येणार म्हणून तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरायचं. आणि इथं ही माणसं तुरा आला म्हणून खूश! कोईमतूरला ऊस भरपूर फुलतो आणि बी धरतो, पैदाशीला ही जागा धरली त्याचं मोठं कारण हेच. आपण कांडी लावतो, डोळा फुटतो, म्हणजे पिढ्यानपिढ्या एकाच उसाच्या झेरॉक्स. उसाला उगवणारं बी येतं यावर जगाचा नीट विश्वास बसला तोच १८८० च्या दशकात, जावा आणि बार्बाडोसमध्ये. ते बी मला तळहातावर दाखवलं, पांढऱ्या लवीत अडकलेला मोहरीपेक्षा बारीक कण, शिंकलो असतो तर अख्खं खानदान उडालं असतं.

क्रॉस करायची पद्धत बघून तर मी तिथंच उभा राहिलो. आईच्या तुऱ्याभोवती कापडाचा लांब कंदील बांधायचा, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा पण साधा, आणि आत तिच्या जरा वर बापाचा तुरा टांगायचा, परका पराग आत यायला नको. मग बी, रोपं, निवड, परत निवड, शेतकऱ्याच्या हातात वाण पडायला दहा-बारा वर्षं सहज जातात.

पुढं एका प्लॉटात गवत. मी म्हणलं हे काय तण माजलंय? ते हसले. ती कास होती. कास पठारवाली नव्हे, काशाचं गवत, नदीकाठाला पांढरे तुरे येतात ते. ताटं पेन्सिलीसारखी, चावून बघितलं तर लाकूड, गोडीचा पत्ता नाही. आणि हा म्हणे आपल्या उसाचा आजा.

गोष्ट अशी. आधी जाड, गोड, रसाळ ऊस होता, पण नाजूक, थंडीनं गारठायचा आणि रोग आला की आडवा. इथले शास्त्रज्ञ बार्बर साहेब आणि टी. एस. वेंकटरामन यांनी "वेल्लई" नावाच्या जाड उसावर इथल्याच जंगली कासेचा पराग टाकला आणि त्यातून को २०५ हा वाण निघाला, १९१८ ला पंजाबात गेला.

आता गंमत ऐका. वेल्लईची गुणसूत्रं (पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे) ८०, इथल्या कासेची ६४. शाळेच्या हिशोबानं पोराला अर्धी-अर्धी, ४० अधिक ३२, म्हणजे ७२ यायला पाहिजेत. आली ११२. कारण आईनं अर्धी दिलीच नाहीत, सगळीच्या सगळी ८० देऊन टाकली, बापाची नेहमीसारखी ३२. जाड ऊस आई आणि कास बाप असला की हे असं होतं, म्हणून पोरांना परत जाड उसाशी क्रॉस करत गोडीकडं परतायला कमी पिढ्या लागतात. आजच्या उसात गुणसूत्रं १०० ते १३० च्या घरात, त्यातली बहुतेक जाड उसाची, कासेची साधारण दहा ते वीस टक्के. पण दम सगळा तिथून येतो. फुटवे, पाण्याचा ताण सोसणं, आणि मुख्य म्हणजे खोडवा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणारं पीक! आपण ज्या खोडव्यावर लागणीचा खर्च वाचवतो तो या गवताच्या चिवटपणावर.

आणि कास म्हणजे एकच कास नाही. कुठं ४० गुणसूत्रं तर कुठं १२८, नदी बदलली की गवत बदललं. शास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल १९३४ पासून इथं हेच मोजत बसायच्या, मायक्रोस्कोपला डोळा लावून. त्यांनी उसाचा मक्याशीसुद्धा क्रॉस केला होता. आमच्या कृषीच्या पुस्तकात हे नाव कसं नव्हतं कोण जाणे. खटकणारी गोष्ट म्हणजे एवढ्या कासेतली मोजकीच आत्तापर्यंत उसात उतरलीय, म्हणजे आपली सगळी शिवारं एकमेकांची सख्खी-चुलत भावंडं. उत्तर प्रदेशात को ०२३८ भरमसाट लावला आणि लाल कुज रोगानं धुऊन काढला, ते उगाच नाही. म्हणून आता बाकीची कास आणि इरिॲन्थस नावाचं खोल मुळांचं दुसरं गवतही क्रॉसला घेतायत.

संध्याकाळी दाजींना घेऊन पेरूरला गेलो, देवळाचं दर्शन आणि मग नोय्यल नदी. काठाला कास उभीच. हलक्या बिया वाऱ्यावर जातात, जमिनीखालचे कंद वाळू धरून ठेवतात, वर जाळलं तरी खालून परत फुटतं. काझीरंगात गेंडे चरतात ते याच गवतात, आणि हेच गवत पनामा कालव्याच्या बाजूला पोचलं तर जंगल परत उगवू देत नाही म्हणून तिकडचे लोक वैतागलेत. दाजींनी फक्त विचारलं, "याला कारखाना किती रेट देतोय?"

रात्री आबांना तुऱ्यांचे फोटो पाठवले. पाच मिनिटांत फोन. "काय रं, कुणाचं रान हाय हे? सगळा तुरा आलाय की, तोडला का न्हाई अजून?" म्हणलं आबा, हे मुद्दाम येऊ देतात, यातूनच आपला शहाऐंशी बत्तीस निघालाय. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग त्यास्नी विचार, आपल्या खालच्या पट्टीत हुमणीच्या किडीला काय टाकू."