जर्सीचे बटाटे, माळव्याचा गराडू

जर्सी म्हटलं की इंदूरच्या माणसाला गाय आठवते, तीही दुधाच्या हिशेबात. ती गाय जिथून आली ते बेट इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ आहे. जेमतेम नऊ मैल लांब, पाच मैल रुंद. आपल्या गाईंत भेसळ नको म्हणून या लोकांनी १७८९ सालीच बाहेरची गुरं बेटावर आणायला कायद्याने बंदी घातली. माझी भाची तिथे बँकेत नोकरीला आहे. फोनवर तब्येत आणि हवामान दोन मिनिटांत उरकतं, मग गाडी खाण्यावर येते. घराणंच तसं.

एप्रिल लागला की तिच्या बोलण्यात बटाटा शिरतो. जर्सी रॉयल. लांबट, छोटा, साल इतकी पातळ की अंगठ्याने घासली तरी निघावी. १८८० च्या सुमारास ह्यू दे ला हे नावाच्या शेतकऱ्याने भरपूर डोळ्यांचा एक भलामोठा बटाटा मित्रांना कौतुकाने दाखवला, मग त्याचे तुकडे करून डोंगरउतारावर लावले. तेच हे वाण. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने पीक लवकर येतं, पण चढ असा की यंत्र उभं राहत नाही, म्हणून तिथली लावणी आणि काढणी आजही हातानेच. खताला समुद्रातलं शेवाळ. जुलै संपेपर्यंत बटाटा संपतो, मग थेट पुढच्या वसंतात.

"मावशी, इथे रस्त्याच्या कडेला भाजीच्या पिशव्या ठेवून शेतकरी निघून जातो. बाजूला पैशांचा डबा. आपण पैसे टाकायचे आणि पिशवी उचलायची." तिला यात फार कौतुक वाटतं. मला विचाराल तर सौदा फिका झाला. भाव करायला माणूसच नाही, तर वरून धनिया-मिरची फुकट कोण घालणार? आमच्या गल्लीत सिमरोलकडून येणारा ठेलेवाला "बहनजी, सुबह का खोदा हुआ है" म्हणत बटाट्याची ओली माती मला दाखवतो. मी ती नखाने खरवडून बघते. त्याला त्याचा राग येत नाही, मला त्याच्या भावाचा येतो.

तरी त्या बेटाचं एक दुखणं आहे. बाकीचं बहुतेक सामान इंग्लंडहून बोटीने येतं. वादळाने बोट अडली की दुकानातले कप्पे रिकामे. अशा वेळी आपल्या मातीतलं काय आहे, याचा हिशेब आपसूक होतो. आमच्या इंदुराला चहूकडून रस्ते. चोइथराम मंडीत मध्यरात्रीपासून ट्रक लागतात, मटार बारा महिने थंडगार पिशवीत मिळतो, त्यामुळे हा हिशेब करायची वेळच येत नाही. आता मीही काही सोवळी नाही. आमच्या घराण्याला माळव्यात येऊन पिढ्या झाल्या, पण आमसुलाशिवाय आमटी होत नाही आणि मे महिन्यात हापूसची पेटी आली की माझा स्थानिकपणा आठवडाभर रजेवर जातो.

पण थंडीत मात्र मी कट्टर. दिवाळीनंतर गराडू हा कंद दिसू लागतो, रतलामकडचा, काळ्या जमिनीतला. दिसायला अगदी ओबडधोबड. वरून तपकिरी, केसाळ, मातीने भरलेला. सोलायच्या आधी हाताला तेल चोळायचं, नाहीतर तासभर खाजवत बसायचं. आत पांढराशुभ्र आणि बुळबुळीत, विळीवरून निसटतो. जाड तुकडे करून आधी मंद आचेवर अर्धवट तळायचे, निवू द्यायचे, आणि वाढायच्या वेळी पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे. वरची बाजू खरपूस होते, आतला गर पिठूळ राहतो. मग जिरावण, म्हणजे आमचा माळव्याचा चटपटा मसाला, आणि लिंबू. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं मिटली की हेच कढईतून निघतं, पण तिथे लोक जिरावणाचा डोंगर करतात. चिमूटभर बस्स.

ही भाची सध्या सेंद्रिय भाजीचं प्रवचन मला देत असते. तिथले काही शेतकरी कंपोस्ट करतात म्हणे. मी म्हटलं, बाई गं, इंदुराला कंपोस्ट शिकवू नकोस. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी शेतातला पालापाचोळा, शेण, राख आणि माती थरावर थर रचून, अधूनमधून उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. १९३१ साली ती पुस्तकात आली तेव्हा साहेबांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव होतं. जगात ती रीत आजही इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. वाड कोणत्या वाड्यात राहायचे, हे मात्र आमच्या रामबागेतल्या मंडळींनाही सांगता आलं नाही.

लोक म्हणतात, जवळचं घेतलं की शेतकऱ्याला हातभार लागतो. लागत असेल, लागावाच. पण माझ्या मनात तेवढा परोपकार नसतो, खरं कारण जिभेचं आहे. सकाळी उपटलेली मेथी दुपारी कढईत पडली तर तिचा कडवटपणा वेगळा असतो, आणि तो मला हवा असतो. त्यासाठी चार रुपये जास्त गेले तर मी कुरकुरते, पण देते. ठेलेवाल्यालाही हे ठाऊक आहे, म्हणून तो आधी आठ रुपये जास्त सांगतो.

भाची जानेवारीत येते आहे. तिचे बटाटे तेव्हा नसणार, म्हणून सफरचंदाचं ते काळं लोणी आण म्हटलं, तिथे रात्रभर ढवळत शिजवतात म्हणे. तिने उलट विचारलं, गराडू विमानात नेता येईल का? मी सांगितलं, सोलून दाखव आधी.