नाकावरचा ज्वारीचा दाणा

डिसेंबरातली सकाळ, सव्वासात वाजलेले. शाळेमागच्या रानात ढेकळांवर अजून दव होतं. आठवीतल्या एका मुलीनं हातानं फेकायच्या छोट्या विमानाच्या, म्हणजे ग्लायडरच्या, नाकावर वजनासाठी लावलेल्या क्लेमधून नखानं ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढला, डबीत नीट ठेवला आणि ग्लायडर पुन्हा फेकला. आधीच्या तीन फेकींत तो 9 सेकंदांच्या पुढं गेला नव्हता. या वेळी वर चढला, वळला, आणि नाक न खुपसता सावकाश खाली येत राहिला. 14 सेकंद. वही तिच्या जोडीदाराकडं होती. त्यानं गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं, "फेक 4. क्ले एक दाणा कमी. 14 से. डावीकडं वळला."

मी मिरज तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं आम्ही हातानं फेकायचे ग्लायडर बनवतोय, विज्ञान स्पर्धांसाठी. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही वही. ग्लायडर टेबलावर निम्माच तयार होतो, उरलेला निम्मा रानात होतो. हे पटायला मलाच दोन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी आम्ही महिनाभर बनवत बसलो. रंग दिला, पंखावर शाळेचं नाव लिहिलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा उडवला, तर सरळ नाकावर आपटला. घाईघाईनं मुलांनी क्ले काढला, शेपटी वाकवली आणि पंखही थोडा मागं सरकवला, सगळं एकदम. मग तो नाक वर करून लाटा घ्यायला लागला. नक्की कशामुळं, ते कुणालाच सांगता येईना, मलाही नाही.

तेव्हापासून नियम एकच: एका फेकीला एकच बदल, आणि तो फेकायच्या आधी लिहायचा. आधी, नंतर नाही. काय होईल असं वाटतं तेही लिहायचं. पोरं सुरुवातीला कंटाळतात. आठवड्याभरात मात्र त्यांची भाषाच बदलते. "बाई, बिघडलंय" म्हणणारा मुलगा "बाई, नाक वर करतंय, थांबतंय, मग पडतंय, शेपूट जास्त उचललीय वाटतं" म्हणायला लागतो. तेवढ्यासाठी मी पहाटे उठून सांगलीहून गाडी मारत येते.

आता थोडं लाकडाबद्दल. बलसा, म्हणजे ग्लायडरसाठीचं हलकं लाकूड, निवडायला मला आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यांनी स्वतः ग्लायडर कधी बनवला नव्हता. ते मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात कामाला होते. सतारीची दांडी तून लाकडाची, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, आणि भोपळ्यावरची लाकडी तबली किती पातळ करायची ते बोटांना कळायला हवं, अशा कामात त्यांचं आयुष्य गेलं. पुण्याहून मागवलेल्या बलसाच्या पट्ट्या मी त्यांच्यापुढं टाकल्या. त्यांनी एकेक पट्टी दोन बोटांत लोंबती धरून टिचकी मारली, मग खिडकीच्या उजेडात आडवी धरून रेषा बघितल्या.

"ही पंखाला. ही ग्लायडरच्या मधल्या दांडीला. आणि ही ठेवून दे, ही कुठंच चालणार नाही."

"का ओ आण्णा? सारख्याच तर आहेत."

"सारख्या कुठल्या? आधी वजन करून बघ."

तेव्हा आमच्याकडं काटा नव्हता. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ओळखीच्या एका सोनारानं दुकान उघडल्या उघडल्या आमच्या पट्ट्या तोलून दिल्या. तीन फूट लांब, तीन इंच रुंद, अडीच मिलिमीटर जाड, मापं अगदी एकसारखी. एक पट्टी 18 ग्रॅमची निघाली, दुसरी 33 ग्रॅमची. बलसा असाच असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, झपाट्यानं वाढणारा, झाडागणिक हलका किंवा जड. आपल्या काटेसावरीच्याच कुळातला. शिमग्याच्या सुमारास लाल फुलांनी भरलेली सावर दिसली की मी पोरांना सांगते, हे बघा बलसाचं भावंड.

स्वस्तातलं काही मिळेल म्हणून आम्ही बरंच करून पाहिलं. थर्मोकोलच्या पत्रावळी आधी सहज मिळायच्या, 2018 मधल्या बंदीनंतर दुकानांतून गेल्या. बाशिंगाचं भेंड शेपटीला वापरलं, वजनाला उत्तम, पण कडा कुस्करते. घायपाताच्या वाळलेल्या फुलदांडीचा गाभा त्यातल्या त्यात बरा निघाला. धारदार पात्यानं त्याच्या चकत्या नाही, उभ्या पट्ट्या काढायच्या. सरावाचे ग्लायडर अजून त्याचेच करतो. दांडीला बांबूची चीप. पैसा नाही म्हणून कुणाचं पोर मागं राहायला नको, त्यामुळं बलसा फक्त स्पर्धेच्या ग्लायडरला.

2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी आलं, तेव्हा बलसाचा गठ्ठा कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. पाणी ओसरल्यावर काढला तर सगळ्या पट्ट्यांना पीळ पडलेला. आण्णांनी त्या वाळवून, दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवून पाहिल्या, पण पीळ गेला नाही. त्या वर्षी ग्लायडर झाले नाहीत. आता गठ्ठा माळ्यावर असतो.

बांधणी थोडक्यात सांगते. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत 40 सेंटिमीटर, रुंदी साडेसात. खालची बाजू सपाट, वरची पॉलिश पेपरनं घासून फुगीर करायची. सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्शाला, आणि मागची कड लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी पातळ. इथं पोरं घाई करतात. मग पंख मधोमध कापून पुन्हा जोडायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. एक अर्धा टेबलावर सपाट, त्यावर वजन, आणि दुसऱ्याचं टोक सात सेंटिमीटर उचलून त्याखाली वह्यांचा गठ्ठा. जोडाला फेविकॉल लावलं तर रात्रभर हात लावायचा नाही. फेविक्विक पटकन धरतं, पण एक थेंब जास्त झाला की वजन वाढतं.

हा व्ही कशाला, हे मी वर्गात फळ्यावर काढून सांगायचे आणि पोरं माना डोलवायची. आता काढत नाही. एक सपाट पंखाचा आणि एक व्ही पंखाचा असे दोन ग्लायडर देते आणि दोन्ही मुद्दाम तिरके फेकायला लावते. सपाट पंखाचा कलतो तो कलतच जातो. व्ही पंखाचा ज्या बाजूला कलतो त्या बाजूला थोडा घसरतो, खालच्या पंखाला समोरची हवा जास्त कोनातून मिळते, तो पंख उचलला जातो आणि ग्लायडर सावरतो. दहा-बारा फेकी झाल्या की हे वाक्य पोरंच बोलतात.

तयार ग्लायडर 16 ग्रॅमच्या आसपास भरतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर दोन बोटांची टोकं ठेवून उचलला की तो आडवा राहायला हवा. तेवढा क्ले नाकावर लावायचा आणि रानात जायचं. पुढं वजन, मागं हलणारी शेपटी, ही युक्ती जुनी आहे. 1804 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी एका काठीला पतंगासारखा पंख लावला, मागं वाकवता येणारी शेपटी, पुढं सरकवता येणारं वजन. माणूस विमानात बसायच्या शंभर वर्षं आधी. आमची पोरं ढेकळांत उभी राहून करतात ते तेच.

शेपटी वाकवायची रीत बघण्यासारखी असते. मागची कड दोन अंगठ्यांत धरायची, तोंडाजवळ नेऊन त्यावर हळू उबदार श्वास सोडायचा आणि तेवढ्यात किंचित वर दाबायचं. वाफेनं बलसा क्षणभर नरमतो आणि थंड होताना तसाच राहतो. बदल अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. ती मुलगी हे करताना डोळे मिटते. विचारलं तर म्हणाली, "बघितलं की जास्त वाकतंय बाई. बोटालाच बरोबर कळतंय." ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला एकदा घेऊन ये."

फेकायची वेळ सकाळचीच. आमच्या रानापलीकडं गुऱ्हाळ आहे. त्याचा धूर सरळ वर जात असेल तर पिशवी उघडायची, आडवा झाला की बंद. यामागं साधा हिशेब आहे. आमचा ग्लायडर ताशी 14-15 किलोमीटरनं जातो, सायकलवरून शाळेला येणाऱ्या पोराएवढा. समोरून तेवढाच वारा असेल तर तो जागच्या जागी उभा राहतो, आणि पाठीमागून असेल तर दुप्पट वेगानं लांब द्राक्षबागेत. मग पोरं तारांखालून रांगत आत जातात आणि मालकांची बोलणी मी खाते.

म्हणूनच एका स्पर्धेबद्दल मनात अजून राग आहे. जवळच्याच एका तालुक्याच्या गावी होती. मुलांना सकाळी आठला बोलावलं. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं यांत साडेबारा वाजले. एक वाजता मैदानावर नेलं तेव्हा झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. प्रत्येकाला एकच फेक. महिनाभर पहाटे उठलेल्या पोराचा ग्लायडर दुसऱ्या सेकंदाला उलटा होऊन इमारतीच्या भिंतीवर आदळला. ज्यांचा नंबर आला त्यांचा ग्लायडर जड होता, दगडासारखा सरळ गेला. त्या मुलांचं यश मी नाकारत नाही. पण त्यात उडणं कमी आणि फेक जास्त मोजली गेली. परतीच्या एसटीत तो मुलगा मोडका पंख मांडीवर घेऊन बसला होता. मी आयोजकांना पत्र लिहिलं: उडवण्याचा भाग सकाळी आठच्या आत घ्या, प्रत्येकाला किमान तीन फेकी द्या, आणि गुण देताना मुलाची वही बघा. उत्तर आलं नाही. दरवर्षी लिहिते.

आणखी एक कळकळीचं. पालकांनो, तुमच्या हातचा ग्लायडर सुबक असतो, ते लगेच कळतं. पण रानात तो लाटा घ्यायला लागला की तुमचं लेकरू नुसतं बघत उभं राहतं, कारण त्याच्या बोटांना त्यातलं काही माहीत नसतं.

आता त्या मुलीच्या ग्लायडरचं पुढं काय झालं ते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्हाला उशीर झाला, साडेनऊ होऊन गेले. शेजारचं काळं रान नुकतंच नांगरलं होतं, ऊन चांगलं लागत होतं, आणि त्या रानावर दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या. तापलेली हवा वर चढते आणि घारी तिच्यावर बसून राहतात, हे पोरांना मी सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "बाई, घारीखाली फेकू?" मी म्हटलं, फेक.

ग्लायडर चढला, डावीकडं वळला, आणि उतरायचं सोडून पहिल्या गिरकीपेक्षा दुसऱ्या गिरकीत वर दिसला. तिसऱ्या गिरकीत निलगिरीच्या शेंड्यांच्या वर. पोरं ओरडायची थांबली. घड्याळ धरलेला मुलगा आकडे मोठ्यानं म्हणत राहिला. गिरक्या घेत घेत ग्लायडर बागांवरून पूर्वेला सरकला, ठिपका झाला, आणि एका क्षणी कुणालाच दिसेना. अशा वेळी ठराविक वेळानं शेपटी आपोआप वर उचलून ग्लायडर खाली आणायची सोय करतात. आमच्या ग्लायडरला ती नव्हती. दुपारपर्यंत शोधलं, दोन वस्त्यांवर विचारलं. मिळाला नाही.

वहीत नोंद आहे: "फेक 61. बदल काही नाही. 1 मिनिट 52 से. नंतर दिसला नाही."

मला वाटलं होतं ती रडेल. सोमवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत आली, कपाटातून पुठ्ठ्याचा साचा काढला आणि विचारलं, "बाई, 18 ग्रॅमची पट्टी उरलीय का अजून?" अर्धी उरली होती. तिनं ती दोन बोटांत लोंबती धरली आणि टिचकी मारली.