बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम: फुटबॉलसाठी खोदलेलं, ट्रॅकसकट जपलेलं

बर्लिनच्या यू-२ मेट्रोने ऑलिम्पिया-स्टाडिओन स्टेशनला उतरून थोडं चाललं की समोर दोन उंच दगडी मनोरे येतात. त्यांच्या मधोमध ऑलिम्पिकची पाच वर्तुळं टांगलेली. त्यांच्यामागे स्टेडियम दिसतं आणि पहिल्या नजरेत ते चक्क बुटकं वाटतं. जवळजवळ ७४,५०० माणसं बसतात ती हीच इमारत का, असा प्रश्न मला पडला. फाटकातून आत जाऊन कठड्याशी पोहोचलो तेव्हा उलगडा झाला. मैदान खूप खाली होतं, मोठ्या विहिरीत डोकावल्यासारखं. वास्तुविशारद वेर्नर मार्श यांनी १९३६च्या ऑलिम्पिकसाठी हे बांधताना मैदान जमिनीच्या पातळीपासून सुमारे १२ मीटर खाली घेतलं होतं. म्हणजे प्रेक्षक मधल्या उंचीवर आत येतो. निम्म्या रांगा त्याच्या पायाखाली, निम्म्या डोक्यावर.

हे सगळं नाझी राजवटीच्या हुकमाने उभं राहिलं, हे इथे कुणी झाकून ठेवत नाही. आवारात जागोजागी माहितीफलक आहेत, ते सावकाश वाचावेत. दक्षिणेकडच्या रस्त्याला अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्सचं नाव आहे. १९३६ साली याच मैदानावर त्याने चार सुवर्णपदकं जिंकली. संकुलातल्या हॉकीच्या मैदानावर १५ ऑगस्ट १९३६ला ध्यानचंद यांच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. आणि त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला येऊन आपले देशी खेळ दाखवून गेला होता. इथे उभं राहून हे आठवताना ऊर भरून येतो.

पण मी आलो होतो ते या स्टेडियमचं पुढे काय केलं, ते बघायला. १९९०च्या दशकात ते मोडकळीला आलं होतं. १९७४च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फक्त दोन लांब बाजूंच्या स्टँडवर छत घातलं होतं, बाकीचे प्रेक्षक उघड्यावर. १९९८ साली शहरात मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं, पाडून टाका. काहींचं म्हणणं, रोमच्या कलोसियमसारखं हळूहळू ढासळू द्या. शेवटी नूतनीकरणाचं ठरलं. २००० ते २००४ या काळात, सुमारे २४ कोटी २० लाख युरो खर्चून, गेर्कान-मार्ग या वास्तुविशारदांच्या संस्थेने ते काम केलं, आणि तेही स्टेडियम बंद न ठेवता. एका बाजूला तोडफोड आणि दुसऱ्या बाजूला हर्टा बर्लिन या इथल्या फुटबॉल क्लबचे सामने, असं चाललं होतं.

ॲथलेटिक्सच्या मैदानावर फुटबॉल बघताना नेमकं काय बिनसतं, ते आधी सांगायला हवं. ४०० मीटरचा आठ पट्ट्यांचा प्रमाणित ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १७७ मीटर लांब होतो. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर. म्हणजे दोन्ही गोलांच्या मागे ३५-३६ मीटर जागा मोकळी राहते आणि तिच्याही मागे प्रेक्षक बसतो. गंमत म्हणजे कोपऱ्यात उलट अडचण होते. तिथे ट्रॅकचं वळण मैदानाच्या इतकं जवळ येतं की कॉर्नर मारणाऱ्याला धाव घ्यायला जेमतेम मीटरभर गवत मिळतं, पुढची पावलं ट्रॅकवर. म्हणून अशा ठिकाणी सामन्याच्या दिवशी कोपऱ्यांवर कृत्रिम हिरवळ अंथरतात.

ही दरी कमी करायला बर्लिनने काय केलं? मैदान आणखी खोदलं, २.६५ मीटर. जुन्या स्टँडचा खालचा टप्पा पाडून नव्या उताराने बांधला. मैदान खाली गेलं की पुढे नव्या रांगा घालता येतात आणि मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून नीट मैदानापर्यंत पोहोचते. बाहेरचे दगडी खांब आणि कमानी तशाच राहिल्या. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय हेही चटकन कळत नाही. मला हे फार आवडलं.

आता छत. पश्चिमेला मॅरेथॉन दरवाजा आहे. तिथे मुळातच स्टँड तुटलेला आहे आणि त्या फटीतून मैदानापलीकडचा घंटेचा मनोरा दिसतो. छताचं कडं पूर्ण फिरवलं असतं तर बांधकाम सोपं झालं असतं, कारण बंद कडं स्वतःचा ताण स्वतः पेलतं. पण मग मनोरा झाकला गेला असता. म्हणून छत तिथे तोडलं आणि त्या बदल्यात वरच्या स्टँडमध्ये फांद्या फुटल्यासारखे २० पोलादी खांब उभे केले. मी एका खांबामागच्या खुर्चीवर मुद्दाम बसून पाहिलं. मैदानाची एक अरुंद पट्टी अडते, मान थोडी कलवावी लागते. पण समोर ती मोकळी फट आहे, आणि तिच्यासाठी एवढं सोसायला माझी हरकत नाही.

माझ्या आतेभावाला मात्र हे पटत नाही. तो इथेच राहतो आणि हर्टाचा कट्टर चाहता आहे. सामन्याला तो मला पूर्वेच्या वळणावर, ऑस्टकुर्वमध्ये, म्हणजे त्यांच्या खास गोटात घेऊन गेला. "दादा, पलीकडच्या गोलात बॉल गेला की नाही, हे आम्हाला तिकडची माणसं उठली की कळतं," तो म्हणाला. त्याची तक्रार खरी आहे. दूरच्या गोलपाशी चाललेली झटापट तिथून धड दिसत नाही. इतके चाहते एका सुरात गातात, पण तो आवाज मैदानावर पोहोचेपर्यंत निम्मा विरतो. क्लबने ट्रॅक काढायची मागणी केली, ती मान्य झाली नाही. मग स्वतःचं वेगळं स्टेडियम बांधायचे बेत केले, तेही रखडले.

इतरांनी वेगळे मार्ग धरले. स्टुटगार्टने २००९ ते २०११मध्ये ट्रॅक काढून मैदान १.३ मीटर खाली नेलं आणि प्रेक्षक अगदी काठावर आणले. मॉस्कोच्या लुझ्निकीने २०१८च्या विश्वचषकाआधी ट्रॅक काढला, जुना दर्शनी भाग तेवढा राखला. म्युनिकमध्ये १९७२च्या ऑलिम्पिक स्टेडियमचा कायापालट होऊ शकला नाही आणि तिथला फुटबॉल क्लब बायर्न २००५ साली नव्या घरी गेला.

स्टुटगार्टचा निर्णय त्या शहरापुरता योग्यच होता. पण बर्लिनमध्ये ट्रॅक उखडला असता तर? २००४ला इथे हर्टाच्या रंगाचा निळा ट्रॅक बसवला. २००६च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला, फ्रान्सच्या झिदानला लाल कार्ड मिळालं तोच. आणि तीन वर्षांनी, १६ ऑगस्ट २००९ला, त्याच निळ्या ट्रॅकवर उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. ओवेन्स जिथे धावला तिथेच. पुढे २०२४च्या युरो या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत स्पेनने इंग्लंडला २-१ हरवलं तेही इथेच. एका मैदानाने इतकं दिलं असताना ३५ मीटरचं अंतर मला जास्त वाटत नाही. आतेभावाशी यावर मी सामन्यानंतर बराच वेळ वाद घातला. तो काही बधला नाही.

जाणार असाल तर शक्यतो दोन वेगळ्या दिवशी जा. सामन्याच्या दिवशी मोकळेपणाने हिंडता येत नाही, म्हणून स्टेडियम आरामात बघायला दुसरा दिवस हाताशी ठेवा. मार्गदर्शकासोबतची फेरी घेतलीत तर आतले भागही दिसतात. सामन्याचं तिकीट काढताना लांब बाजूच्या वरच्या स्टँडमधलं, खांबांपासून दूरचं बघा. तिथून अख्खं मैदान डोळ्यांत मावतं, ट्रॅकचं अंतरही फारसं जाणवत नाही. घंटेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. वर जाऊन छताचं तुटलेलं कडं नक्की बघा.