म्हापशात मिळालेला रॉजर्सचा चाकू : पावसाळ्यातील कामाची नोंद

या पावसाळ्यात दुरुस्तीसाठी हाती घेतलेल्या दोन जुन्या चाकूंपैकी पहिल्याचे काम आता बहुतेक पूर्ण होत आले आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातील रॉजर्स या चाकू बनवणाऱ्या कंपनीचा हा दोन पात्यांचा, शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू म्हापशातल्या जुन्या फर्निचरच्या एका दुकानात मिळाला. किल्ल्या, कड्या-कोयंडे आणि पितळी मुठींनी भरलेल्या खोक्याच्या तळाशी तो पडलेला होता. गोव्यात जुने चाकू शोधायचे तर काचेच्या कपाटात मांडलेल्या वस्तूंपेक्षा अशी खोकीच धुंडाळावीत, असे माझे ठाम मत आहे. जुने घर रिकामे होते तेव्हा खाटा, कपाटे आणि झुंबरे यांचा भाव आधी ठरतो. खणातला किरकोळ ऐवज मात्र फर्निचरबरोबर तसाच दुकानात येतो. बोटीवर नोकरी केलेल्या गोवेकरांनी परदेशाहून आणलेले चाकू त्यात असतात, आणि १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर गोव्यात जो माल थेट युरोपातून उतरत असे, त्यातलेही काही असावेत.

गंजामुळे दोन्ही पाती जाम झाली होती. दुकानदार पक्कड घेऊन ती उघडून द्यायला निघाले, तेव्हा “राहू दे भाऊ, मी घरी सावकाश उघडतो,” असे सांगून मी चाकू तसाच घेतला. बंद चाकूतही पारखण्यासारखे बरेच असते. पाठीकडची स्प्रिंग सरळ आहे का, मुठीच्या दोन्ही बाजू अस्तराला, म्हणजे आतल्या धातूच्या पट्टीला, घट्ट बसल्या आहेत का, रिव्हेटच्या आसपास शिंगाला तडा गेला आहे का, हे पाहिले की दुरुस्तीचा अंदाज येतो. मूठ हस्तिदंताची असेल तर मात्र चाकू कितीही देखणा असला तरी घेऊ नये, कारण आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. सांबरशिंगाच्या मुठीबाबतही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे भान ठेवावे लागते. ही मूठ म्हशीच्या काळ्या शिंगाची आहे.

शिंग आणि हाड पाण्याने फुगते, म्हणून चाकू कशातही भिजत घातला नाही. सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडायचे, चाकू सांधा खाली येईल असा उभा ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पाते केसभर हलते का ते पाहायचे आणि पुन्हा तेल सोडायचे, एवढेच काम बरेच दिवस चालले. या टप्प्यावर पात्यावरच्या, नखाने ते उघडण्यासाठी असलेल्या खाचेत काही अडकवून जोर लावला तर खाचेची कड तुटते किंवा पातेच मोडते. पाते सुटल्यावर सांध्यातून लालसर काळा चिखल बाहेर येऊ लागला. तो चिंधीने टिपत आणि पाते उघडझाप करत तेल स्वच्छ निघेपर्यंत धीर धरला, आणि मग स्प्रिंगचा तो भरीव ‘खट्’ आवाज परत आला. या छंदात मला सर्वांत प्रिय काय असेल तर तो आवाज.

पात्याच्या मुळाशी तारा आणि माल्टीज क्रॉस ही रॉजर्सची खूण निघाली. मोठ्या पात्यावर मुकुट, त्याच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरे (‘जॉर्ज रेक्स’, म्हणजे राजा जॉर्ज), आणि खाली ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ असे कोरलेले आहे. राजा जॉर्ज पाचवा किंवा सहावा यांचा काळ धरला तर चाकू १९१० ते १९५२ या दरम्यानचा ठरतो. शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये स्टेनलेस पोलाद तयार केले होते, पण हे पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे आणि म्हणूनच ते गंजले. शेफील्डच्या नामांकित शिक्क्यांची नक्कल इतकी होत असे की १८८७ मध्ये ब्रिटनला त्यासाठी कायदा करावा लागला. त्यामुळे नावातली स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासावी.

हा शिक्का जपण्यासाठीच पॉलिशचे चाक मी जवळही आणत नाही. चाकावर चढवलेले पाते आरशासारखे चमकते खरे, पण अक्षरांच्या कडा झिजतात आणि पात्याच्या रेषा गोलावतात. व्हिनेगर किंवा लिंबाचा रसही नको, कारण त्याने गंजाबरोबर पोलादावर वर्षानुवर्षे चढलेली करडी झाकही निघून जाते. लाल गंज सक्रिय असतो, तो काढायचा. काळे डाग स्थिर असतात, ते राहू द्यायचे. तेलात बुडवलेली बांबूची काडी आणि त्यानंतर सर्वांत बारीक प्रतीची स्टील वूल अगदी हलक्या हाताने, एवढ्यावर हे पाते साफ झाले. टोकाजवळ खड्डे आहेत. ते घासून काढायचे तर पाते पातळ करावे लागेल, म्हणून ते तसेच ठेवले आहेत.

दुसरा चाकू जर्मनीतल्या, चाकूंसाठीच प्रसिद्ध असलेल्या झोलिंगन शहरातला आहे आणि त्याची मूठ कचकड्याची, म्हणजे सेल्युलॉइडची आहे. त्याचे पाते उघडल्यावर गंजाची जागा पाहून मी लगेच सावध झालो: टोक स्वच्छ होते आणि मुठीच्या आत दबणारा मधला भाग खाल्लेला होता. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि ती शेजारच्या पोलादालाही खाते. असा चाकू बंद डबीत इतर चाकूंबरोबर ठेवला तर डबीतले सगळेच गंजतात. शिवाय सेल्युलॉइड भराभर पेट घेते, त्यामुळे तो दिव्यापासूनही दूर ठेवायचा. रॉजर्स आता तेलाचा पातळ हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह, चामड्याच्या म्यानाशिवाय डब्यात ठेवला आहे, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत चामडे ओल धरून ठेवते. झोलिंगनचा चाकू उघड्या फडताळावर वेगळा आहे. त्याची मूठ काढून दुसरी बसवावी की पाते फक्त तेलाखाली राखून मूळ मूठ जपावी, हे चतुर्थीनंतर हवा जरा कोरडी झाली की ठरवीन. सध्या माझा कल मूळ मूठ जपण्याकडे आहे.