आमची वाटचाल : भिंतीवरून भोंग्यावर

जळगावात 2008 साली आम्ही काम सुरू केलं तेव्हा ते भिंतींवर जाहिराती रंगवण्याचंच होतं. बियाणं, सिमेंट, ठिबक, सराफी पेढ्या. त्यावर घर चाललं, दोन पेंटर कायमचे ठेवता आले.

बँका-पतसंस्थांच्या जाहिराती हाती आल्या आणि जबाबदारी वाढली. आमच्या भागात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींनी कित्येक घरं पोळली आहेत. पिशवीत पावत्या घेऊन हेलपाटे घालणारी म्हातारी माणसं आमच्याही नात्यात आहेत. अशा गावात 'विश्वासाचं दुसरं नाव' असं लिहिलं तर कोण वाचणार? म्हणून सहकारी बँकेचा फलक करताना ठेव विम्याची ओळ आम्ही बँकेच्या नावाइतकीच ठळक ठेवतो : एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत. 4 फेब्रुवारी 2020 च्या आधी हीच मर्यादा 1 लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. एका पतसंस्थेला 'शंभर टक्के सुरक्षित' असं लिहून हवं होतं. ते काम आम्ही घेतलं नाही. त्या ओळखीतली पुढची कामंही गेली, पण तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

मोबाइलवरच्या फसवणुकीची मोहीम मात्र मनापासून आवडलेली. भिंत सोडून रिक्षावर भोंगा लावला आणि आठवडे बाजार गाठले. सूचना वाचून दाखवायच्या नाहीत हे आधीच ठरलं होतं. नणंद-भावजयीचं अहिराणी बोलणं रेकॉर्ड केलं. 'बक्षीस लागलं, पिन टाका' असा फोन येतो, भावजय मोबाइल हातात घेते आणि नणंद ओरडते, "पैसा येवाले पिन लागत नही, बाई!" मागोमाग 1930 हा हेल्पलाइन क्रमांक, सावकाश, तीनदा. अमळनेरच्या बाजारात मिरची तोलता तोलता एका बाईंनी ते वाक्य आमच्या आधीच म्हणून टाकलं. जाहिरातवाल्याला याहून मोठी पावती नाही.

सिकलसेलचं, म्हणजे आई-बापाकडून लेकराला येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, काम सातपुड्यातलं, धडगाव-अक्कलकुव्याकडचं. तिथे अहिराणीही चालत नाही. पावरी आणि भिलीत बोलणारी माणसं आवाजासाठी गावातूनच घेतली. आजारी लेकराचं चित्र कुठेच वापरलं नाही, कारण त्यानं घरं आजार लपवू लागतात. सांगायचं एवढंच होतं : नवरा-बायको दोघंही वाहक असतील (म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार पुढच्या पिढीला देऊ शकत असतील) तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, म्हणून लग्नाआधी रक्त तपासा. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार त्यासाठी निवडला. लग्नाच्या वयाची पोरं-पोरी तिथे आपणहून येतात.

सध्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, तयारी चालू आहे. लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, की बायका निवांत भेटतात. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं आणि वर्ष 1 जूनला सुरू होतं. खात्यात तेवढे पैसे नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा सुटतो. म्हणजे मे संपायच्या आत बोलायला हवं. झोक्यावरच्या गाण्यांच्या चालीवर चार ओळी बांधून झाल्या आहेत. त्या गायला पारोळ्याच्या एका बचत गटातल्या ताई तयार झाल्यात. रेकॉर्डिंग येत्या आठवड्यात.