दारूकाम रात्री, आग दुसऱ्या दुपारी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका जत्रेचं दारूकाम, म्हणजे फटाक्यांची आतषबाजी, रात्री दहाच्या आत आटोपलं होतं. परवाना होता, बंबही उभा होता. आगीची खबर आली दुसऱ्या दिवशी दुपारी, देवळामागच्या काजूच्या डोंगरावरून.

आम्ही आग विझवायला पोचलो तेव्हा ज्वाळा कमरेएवढ्या होत्या आणि चढणीला लागल्या होत्या. तिथे बंब चढत नाही. पाठीवरचे 16 लिटरचे पंप, कोयते, दाताळी आणि हिरवे टाळे (पानांसकट तोडलेल्या फांद्या), एवढ्यावरच काम. टाळा आपटायचा नाही, दाबून आगीकडे ओढायचा. आपटला की ठिणग्या पुढच्या पाचोळ्यात उडतात. चढणीवर आग वरचा पाचोळा आधीच तापवत जाते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही. दोन गट दोन्ही बगलांनी सरकले, तिसऱ्याने माथ्यापलीकडे माती दिसेपर्यंत पाचोळा ओढून जाळरेषा काढली.

आग विझल्यावर तिचं मूळ शोधलं. जळालेल्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला वाळवीने पोखरलेला काजूचा बुंधा, आत पांढरी राख, शेजारी रॉकेटची करपलेली काडी. पोकळ लाकूड रात्रभर ज्वाळेविना धुमसतं. दव असतं, हवा पडलेली असते, त्यामुळे धूरही दिसत नाही. ऊन चढून पाचोळा कुरकुरीत झाला आणि पश्चिमेचा वारा सुटला की तेच पेटतं. असा बुंधा वरून भिजवून भागत नाही. फोडायचा, पाणी घालून राख मातीत कालवायची, पुन्हा पाणी. मग हाताची पाठ जवळ धरून धग लागते का ते पाहायचं.

विस्फोटक नियम, 2008 नुसार फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांमध्ये 3 मीटर अंतर लागतं आणि त्यांच्यापासून 50 मीटरच्या आत दारूकाम करता येत नाही. आवाजाची मर्यादा 4 मीटरवर 125 डेसिबल. हे नियम हवेतच, पण त्यात पाचोळ्याचा विचार नाही. अभयारण्यात वन्यजीव कायद्याचं कलम 30 आगीला आणि 32 स्फोटकांना आडवं येतं. हद्दीबाहेरच्या खासगी काजूबागेला ती कलमं लागत नाहीत. आग मात्र हद्द बघत नाही. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यासह ठिकठिकाणचे डोंगर पेटले, तेव्हा पाणी टाकायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती.

जत्रा आमच्याही आहेत. दारूकाम बंद करा असं आम्ही सांगत नाही. पण फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत रॉकेट आणि आकाशात फुटणारे गोळे डोंगराजवळ नकोतच. भुईनळे, भुईचक्रं लावा, तीही गवत खरवडून पाणी मारलेल्या जागेवर. देवस्थान समितीने दारूकामाच्या वेळी वारा कुठल्या अंगाला होता ते लिहून ठेवावं. दुसऱ्या दिवशी त्या अंगाला पंप घेऊन चार माणसं दोनदा फिरवावीत: उजाडल्यावर काड्या आणि बुंधे तपासायला, आणि अकरानंतर, वारा सुटायच्या सुमारास, धूर बघायला.